पुस्तकांचा आडोसा



घर लहान आणि माणसे पुष्कळ, ही आपल्याकडची नेहमीचीच अडचण. एकाच लांबट खोलीत आजोबांची खाट, आल्यागेल्याची बैठक, मुलांचा अभ्यास आणि रात्री सगळ्यांची अंथरुणे. अशा घरात कुणी म्हणाले, 'मुलांना अभ्यासाला निराळी खोली द्या हो,' तर आपण हसून सोडून देतो. मधे भिंत घालायची म्हणजे खर्च आला. आणि घर भाड्याचे असेल, तर मालक भिंत घालू देणार नाही. मग करायचे काय?

यावर एक साधा उपाय मी आज सांगणार आहे. पुस्तकांची उघडी मांडणी, म्हणजे आपण जिला शेल्फ किंवा रॅक म्हणतो ती, भिंतीला न टेकवता खोलीच्या मधे उभी करायची. एका बाजूला बैठक, दुसऱ्या बाजूला अभ्यासाची जागा. पुस्तके ठेवायची सोय झाली आणि आडोसाही झाला.

ही कल्पना तशी आपल्याला परकी नाही. खेड्यातल्या घरांत धान्याच्या कणग्या ओळीने ठेवून स्वयंपाकाची जागा वेगळी केलेली मी पाहिली आहे. कणगीत दाणे असतात, मांडणीत पुस्तके असतात, एवढाच फरक!

दूरचेही एक उदाहरण देतो. इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे बोडलियन ग्रंथालय १६०२ साली वाचकांना खुले झाले. त्याच्या जुन्या दालनात पुस्तकांची कपाटे भिंतीला पाठ लावून उभी नाहीत. दोन खिडक्यांच्या मधली जी भिंत, तिच्यापासून ती काटकोनात पुढे आली आहेत. त्यामुळे दोन कपाटांच्या मधे एकेक लहानशी खोलीच तयार झाली, आणि प्रत्येक खोलीला आपली खिडकी मिळाली. वाचणाऱ्याला एकांतही मिळाला आणि उजेडही.

यातून आपण घ्यायचा धडा असा, की खिडकी ज्या भिंतीत असेल, त्या भिंतीशी काटकोन करून मांडणी ठेवावी. खिडकीसमोर ती आडवी ठेवली, तर पलीकडच्या बाजूला भरदिवसा दिवा लावायची पाळी येईल. शक्य असेल तर मांडणीला पाठीची फळी मारू नये. खालचे खण पुस्तकांनी भरावेत आणि वरचे थोडे मोकळे सोडावेत. मूल जमिनीवर बसले, की त्याला पलीकडचे दिसत नाही. पण वरून उजेड आणि वारा येत राहतो.

आता माझी फजिती सांगतो. मुलगी दहावीला होती. घरात साडीचा पडदा होता, पण येणारा-जाणारा तो बाजूला सारून डोकावायचा. म्हणून मी साडेपाच फूट उंच आणि अवघी नऊ इंच खोल अशी मांडणी करवून घेतली आणि मधे उभी केली. दिसायला झकास! चार दिवसांनी धाकट्याने वर ठेवलेला कॅरम काढायला खालच्या फळीवर पाय दिला. मांडणी त्याच्याच अंगावर कलली. सुदैवाने ही जवळच होती, तिने पोराला ओढले. पुस्तके आणि कॅरम धाडकन खाली आले. पोराला लागले नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही.

दोष मुलाचा नव्हता, माझा होता. भिंतीजवळच्या मांडणीला निदान मागून आधार असतो. मधे उभ्या केलेलीला कुठूनच नसतो. म्हणून एक हिशेब ध्यानात ठेवावा. खोलीच्या चौपटीपेक्षा उंची अधिक नको. इथे खोली म्हणजे मांडणीची पुढून मागपर्यंतची रुंदी, बरं का! मांडणी एक फूट खोल, तर उंची चार फुटांपर्यंत. त्याहून उंच हवी असेल, तर ती बांधलीच पाहिजे. जुन्या घरात लाकडी खांब असतात, त्यांना ती स्क्रूने जखडावी. खांब नसेल तर तिचे एक टोक भिंतीला भिडवून लोखंडी कोनपट्टीने पक्के करावे. आणि घरात लहान मूल असेल, तर बुटकी मांडणीसुद्धा बांधावी. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्या भागाने सोसला, तिथे हे निराळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट वजनाची. कथा-कादंबऱ्यांची एक फूट लांब ओळ सात-आठ किलो भरते. एक फूट खोल फळीवर पाठीला पाठ लावून अशा दोन ओळी मावतात, एक इकडून वाचायला, एक तिकडून. म्हणजे तीन फूट लांबीच्या एका फळीवर चाळीस-पंचेचाळीस किलो झाले. असे तीन खण भरले, की सव्वा क्विंटल ज्वारी मधे उभी आहे असे समजा! म्हणून जाडजूड पुस्तके तळाला ठेवावीत, हलकी वर. फळी अडीच फुटांहून लांब असेल, तर मधे टेकू द्यावा. फळीची लांबी दुप्पट केली आणि तशीच पुस्तके भरली, तर ती दुप्पट नव्हे, सोळापट वाकते. शहाबादी फरशी उंचसखल असेल, तर पायाखाली पाचर मारावी. मग वरच्या कडेला हाताने ढकलून पाहावे. डुगडुगली, तर अजून काम बाकी आहे.

या रीतीचा एक फायदा मला मागाहून कळला. पावसाळ्यात ओल भिंतीतून येते, आणि भिंतीला चिकटलेल्या पुस्तकांना बुरशी धरते. मधल्या मांडणीला दोन्ही बाजूंनी वारा लागतो, त्यामुळे पुस्तके अधिक कोरडी राहतात. वाळवीसाठी मात्र तळची फळी जमिनीपासून चार इंच उंच ठेवावी, म्हणजे खाली केरसुणी फिरते आणि वाळवीची माती वेळीच नजरेस पडते.

माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. जिथे एकाच खोलीत दोन वर्ग भरतात, तिथे अशी चार फुटी मांडणी मधे पक्की बसवून पाहा. उभे राहिलात की दोन्ही वर्ग दिसतील, बसलेल्या मुलांचे लक्ष मात्र विचलित होणार नाही. आणि पुस्तके कुलपातून निघून मुलांच्या हाताशी येतील.

एवढे खरे, की हा आडोसा नजर अडवतो, आवाज पुरता अडवत नाही. पलीकडे टीव्ही मोठ्याने चालू असेल, तर पुस्तके बिचारी काय करणार? तो आपणच बारीक करायला हवा. आमच्याकडे ती मांडणी चार फुटांची करून भिंतीला बांधली, आणि मुलीने दहावीचे वर्ष तिच्याआड बसूनच काढले. 'बाबा, आता मला माझी खोली आहे,' असं ती मैत्रिणींसमोर म्हणाली, तेव्हा मला बरे वाटले.

आपल्या घरातही अशी एक जागा निघते का, ते पाहा.