बँकेची साइट उघडत नाही? आधी घड्याळ बघा!

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत आमच्या शेजारी एक काकू राहतात. मूळच्या तंजावरच्या, घरात अजून तंजावरी मराठी. परवा त्यांची हाक आली, "नेट चालू आहे, पण बँकेची साइट उघडत नाही. व्हायरस शिरलाय का?"

स्क्रीनवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' अशी सूचना. कोपऱ्यात तारीख: १ जानेवारी २००९!

दुखणं तिथेच. प्रत्येक सुरक्षित साइटला ठरावीक मुदतीचं डिजिटल प्रमाणपत्र असतं. ब्राउझर ती मुदत कॉम्प्युटरच्या तारखेशी ताडून बघतो. तारीखच चुकली की चांगली साइटही अडवतो.

तारीख का चुकते? मदरबोर्डवर सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल, चपटा सेल असतो. वीज बंद असताना घड्याळ तोच चालवतो. काही वर्षांनी तो संपतो आणि तारीख मागे जाते.

तात्पुरता उपाय: तारीख, वर्ष, वेळ नीट करा.

कायमचा उपाय (डेस्कटॉपसाठी):
१. बायोस (पीसी सुरू करणारा मूळ प्रोग्राम) सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा, सेल काढल्यावर ती पुसली जाऊ शकतात.
२. पीसी बंद करून प्लग काढा.
३. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते.
४. क्लिप सरकवून सेल काढा. नवा बसवताना + वर.

सेल जवळच रिची स्ट्रीटला मिळतो. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर जिवावर बेततं. लॅपटॉप मात्र जाणकाराकडेच द्या.

आणि हो, तारीख बरोबर असूनही सूचना आली, तर पासवर्ड अजिबात टाकू नका.

तुमचा पीसी काय कुरकुर करतोय? कमेंटमध्ये विचारा.