नर्सिंगमधले मधल्या पल्ल्याचे सिद्धान्त: गैरसमज आणि वस्तुस्थिती

'मिडल रेंज थिअरी' म्हटले की नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना परीक्षेतला पाच मार्कांचा प्रश्न आठवतो. खरे तर या सिद्धान्तांचे काम वॉर्डातच आहे.

गैरसमज: 'मधला' म्हणजे मोठ्या सिद्धान्ताची छोटी आवृत्ती.
वस्तुस्थिती: 'मधला' हा शब्द दर्जा नव्हे, आवाका सांगतो. ही कल्पना समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांची. मार्था रॉजर्स यांचा सिद्धान्त अख्खा माणूस आणि त्याचा परिसर कवेत घेतो. मर्ल मिशेल यांचा सिद्धान्त फक्त आजारातल्या अनिश्चिततेबद्दल बोलतो. आवाका आटोपशीर असल्यामुळेच तो पडताळून पाहता येतो.

गैरसमज: हे सगळे टेबलाशी बसून रचलेले असते.
वस्तुस्थिती: क्रिस्टन स्वान्सन यांचा 1991 चा काळजीविषयीचा सिद्धान्त गर्भपात झालेल्या स्त्रिया आणि नवजात अतिदक्षता विभागात बाळांना सांभाळणारी माणसे यांच्या अनुभवांतून आला.

गैरसमज: दुखणे थांबले की रुग्णाला आराम मिळाला, त्यापुढचे मोजता येत नाही.
वस्तुस्थिती: कॅथरीन कोल्काबा यांनी आरामाचे 3 प्रकार सांगितले: त्रासातून सुटका, निवांतपणा आणि अडचणीवर मात करण्याचे बळ. ते शारीरिक, मानसिक-आध्यात्मिक, भोवतालच्या आणि सामाजिक-सांस्कृतिक अशा 4 अंगांनी तपासले की 12 घरांचा तक्ता होतो. शस्त्रक्रिया झालेल्या बाईला इंजेक्शनने बरे वाटते, पण डोळ्यांवर दिवा येतो आणि लेकरू घरी कुणापाशी आहे ही घालमेल थांबत नाही. सिस्टर दिवा मंद करते, घरी फोन लावून देते. या कामाला तक्त्यात जागा आहे आणि ते मोजायला कोल्काबांची 48 विधानांची प्रश्नावलीही आहे.

गैरसमज: सिद्धान्त म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.
वस्तुस्थिती: मिशेल यांनी 1988 मध्ये मांडलेला आपला सिद्धान्त 1990 मध्ये स्वतःच विस्तारला. दीर्घ आजारात अनिश्चितता सरत नाही; तिच्यासह जगताना माणसाला आयुष्याकडे पाहण्याची नवी दृष्टी मिळू शकते, हे त्यांनी त्यात आणले.

आपल्याकडेही हे सिद्धान्त जसेच्या तसे उचलून चालणार नाही. मराठीत 'आराम पडला' म्हणजे दुखणे बरे झाले. प्रश्नावलीत नुसते 'आराम वाटतो का?' असे विचारले, तर आजी औषधाच्या गुणाबद्दल सांगेल आणि मनातली घालमेल नोंदीबाहेर राहील. हा फरक आधी कळेल तो तिच्या खाटेशी उभ्या असलेल्या सिस्टरला. म्हणून असे प्रश्न मराठीत घडवताना त्या सिस्टरचे म्हणणे आधी ऐकायला हवे.