दोषनिवेदन, अप्रकट आज्ञावलींचे
सर्व्हरवरील आज्ञावलीचा सोर्स कोड गुप्त ठेवून तिच्यातील दोषांच्या तक्रारी वापरकर्त्यांकडून स्वीकारण्याची पद्धती. अशी आज्ञावली चालकाच्या यंत्रावर चालते व वापरकर्त्यास तिचे केवळ फलित मिळते. तक्रारीत केलेली कृती, अपेक्षित व प्रत्यक्ष फलित आणि वेळ यांची नोंद असल्यास चालकास दोष पुन्हा घडवून शोधता येतो. तक्रारदाराने सोर्स कोड पाहण्याची आवश्यकता नसते. टेलिग्राम या संदेशसेवेने (स्थापना २०१३) वापरकर्त्याच्या यंत्रावरील आज्ञावली प्रकट केली. सर्व्हरवरील मात्र अप्रकट ठेवली. दोष मुळातून दूर झाला किंवा कसे, हे बाहेरून पूर्णपणे पडताळता येत नाही, ही या पद्धतीची प्रमुख मर्यादा होय. याउलट, ग्नू अफेरो परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीनुसार (२००७) फेरफार केलेली आज्ञावली संगणक-जाळ्यावरून वापरणाऱ्यांस तिचा सोर्स कोड उपलब्ध करून द्यावा लागतो.