कोंते चीज आणि त्याच्या जोडीची पिवळी वाइन

दूध हा माल असा आहे कीं, त्याचा भाव विकणाऱ्याला ठरवितां येत नाहीं. धान्य पेवांत घालून दोन महिने वाट पाहतां येते, गुळाची ढेप माळ्यावर ठेवतां येते. दुधाला मुदत काय ती सकाळपासून सायंकाळपर्यंतची. ही मुदत वाढविण्याचीं जीं साधनें निरनिराळ्या देशांतील गोपालकांनीं शोधून काढलीं, त्यांत चीज हें एक मोठें साधन होय. आपल्याकडे दूध टिकविण्याची वाट तुपाकडे व खव्याकडे गेली, थंड मुलखांत ती चीजकडे गेली. चीजचे प्रकार शेंकड्यांनीं मोजावे लागतील, व कोणत्या चीजबरोबर कोणती वाइन घ्यावी ह्यावर तिकडे ग्रंथच्या ग्रंथ आहेत. त्या सर्वांची नामावळी देऊन वाचकांचा कांहीं लाभ नाहीं. म्हणून फ्रान्सच्या पूर्व सरहद्दीवर, स्वित्झर्लंडला लागून असलेल्या ज्युरा डोंगरांतील एकच जोडी आम्ही येथें विस्तारानें घेतों: कोंते नांवाचें चीज व 'व्हँ जोन' म्हणजे पिवळी वाइन. सहकारी संस्थेच्या सभासदानें हें चीज अवश्य समजून घ्यावें, कारण जुन्या काळीं तें एकट्या शेतकऱ्याला करतांच येत नसे.

कोंतेचा घाट गाडीच्या चाकासारखा असतो, म्हणून आम्हीही त्यास चाक असेंच म्हणूं. एक चाक सुमारें ४० किलो वजनाचें व ५५ ते ७५ सेंटिमीटर व्यासाचें असतें. तें होण्यास ४०० लिटरांच्या आसपास दूध लागतें, आणि तें ताजें लागतें. ज्युरांतील पूर्वींचा शेतकरी थोड्या गाई बाळगणारा. त्याच्या घरीं एवढें दूध एका दिवसांत कोठून येणार? मग त्यानें लहान चीज कां केलें नाहीं, असें कोणीही विचारील. त्याचें उत्तर तेथील हवेंत आहे. हिंवाळा लांब, वाटा बर्फानें बंद, बाजार दूर. लहान चीज लवकर सुकतें व लवकर बिघडतें. मोठें चाक महिनोन् महिने टिकतें आणि वाटा मोकळ्या झाल्या म्हणजे दूरच्या पेठेंत नेतां येतें. तेव्हां गांवचें दूध एका कढईंत पडलें पाहिजे हें कोणा पुढाऱ्याच्या उपदेशानें ठरलें नाहीं, चीजच्या आकारानें ठरलें. अशा गांव-दुग्धालयास तिकडे 'फ्रुइतिएर' म्हणतात. तेराव्या शतकांतील कागदपत्रांतून त्यांचा उल्लेख सांपडतो. आजमितीस सुमारें दीडशें फ्रुइतिएर चालूं आहेत, व त्यांतील बहुतेक शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीच्या आहेत.

आमचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेल्यामुळें असें कांहीं वाचलें कीं पहिला प्रश्न मनांत येतो तो हिशेबाचा. चाक एक, दूध वीस घरांचें. मग चाक कोणाचें? जुनी रीत अशी होती कीं, प्रत्येकानें घातलेलें दूध लांकडी काठीवर खांचा पाडून नोंदवीत, आणि ज्याच्या नांवावर सर्वांत अधिक दूध जमा असेल त्याच्या मालकीचें त्या दिवसाचें चाक. तें मिळालें कीं त्याच्या नांवावरील जमा तेवढी कमी होई व पाळी दुसऱ्याकडे जाई. लिहितां-वाचतां न येणाऱ्या माणसालाही खांच बोटानें चांचपून पाहतां येते, ही ह्या पद्धतीची थोरवी. पुढें चाकें एकत्र विकून पैसा दुधाच्या मापानें वांटण्याची रीत आली. दुधांत पाणी घालणारा सभासद हा एका घराचा नव्हे तर साऱ्या गांवाचा चोर ठरतो, कारण त्याच्या पाण्यानें बिघडतें तें सर्वांचें चाक. सहकारी दुग्धसंस्थेच्या संकलन-केंद्रावर ज्यांनीं काम केलें आहे त्यांस ह्याचें मर्म अधिक सांगणें नको.

आतां नांवाविषयीं. १९५८ सालीं फ्रेंच सरकारनें 'कोंते' हें नांव कायद्यानें बांधून टाकलें. ठरलेल्या हद्दीच्या आंत, ठरलेल्या रीतीनें केलेल्या चीजलाच हें नांव लावतां येतें. हद्दीबाहेरच्यानें तसेंच चीज केलें तरी त्यास दुसरें नांव द्यावें लागतें. १९९६ पासून हें संरक्षण सर्व युरोपीय संघांत लागूं आहे. गाय माँबेलियार्द किंवा फ्रेंच सिमेंताल ह्याच जातींची हवी. दर दुभत्या गाईमागें निदान एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर कुरण पाहिजे. दूध फ्रुइतिएरभोंवतीं २५ किलोमीटर व्यासाच्या वर्तुळांतूनच गोळा करावयाचें, तें कच्चेंच वापरावयाचें, म्हणजे आधीं उकळून जंतुरहित करावयाचें नाहीं, आणि सर्वांत आधींच्या धारेपासून चोवीस तासांच्या आंत कढईंत घालावयाचें. यंत्रमानवाकडून धार काढण्यासही मनाई आहे.

एका नियमाचें आमच्या वाचकांस नवल वाटेल. ह्या गाईंना मुरघास चालत नाहीं. उन्हाळ्यांत हिरवें कुरण व हिंवाळ्यांत वाळलें गवत. मुरघास हें वाईट वैरण आहे असा ह्याचा अर्थ कोणीं करूं नये. आपल्या टंचाईच्या मुलखांत त्यानें पुष्कळ गोठे तारले आहेत, व पिण्याच्या दुधास त्यापासून बाध येत नाहीं. अडचण केवळ लांब मुदतीच्या चीजची आहे. नीट न साधलेल्या मुरघासांत ब्युटिरिक आम्ल करणारे जंतू वाढतात. त्यांचे बीजकण शेणावाटे आंचळांस लागून दुधांत उतरतात. उष्णतेनें ते मरत नाहींत. चाक तळघरांत दोन-तीन महिने स्वस्थ पडलें असतां ते आंत जागे होतात, वायु धरतात, आणि चाक फुगून चिरतें व घाण मारूं लागतें. म्हणजे एका गोठ्यांतील ओलसर वैरणीनें चारशें लिटर दूध वायां जातें, तेंही महिन्यांनंतर, जेव्हां दोष कोणाचा हें शोधणें कठीण. नियम कडक आहे तो ह्याकरितां.

कृति थोडक्यांत अशी. मोठ्या तांब्याच्या कढईंत दूध कोमट करून त्यांत विरजण व रेनेट घालतात. रेनेट हें वासराच्या जठरांतून काढलेलें विरजक द्रव्य होय. शाकाहारी वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें. भारतांत तयार होणाऱ्या चीजमध्यें बहुधा सूक्ष्मजीवांपासून केलेलें रेनेट असतें, परंतु कोंते प्राणिज रेनेटचेंच. दहीं घट्ट झालें कीं तारेच्या सुऱ्यांनीं तें गव्हाच्या दाण्याएवढें बारीक कापतात, मग ढवळीत ढवळीत निदान ५३ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात आणि अर्धा तास तसेंच ठेवतात. त्यानें दाण्यांतील पाणी सुटतें. नंतर सांच्यांत भरून दाबतात. आपलें पनीर आम्लानें फाटतें व ताजेंच संपतें. हें रेनेटनें गोठतें आणि येथून पुढें त्याचें खरें आयुष्य सुरू होतें.

तळघरांत स्प्रूस झाडाच्या फळ्यांवर चाकें मांडून त्यांस मीठ चोळतात, पुसतात व उलटतात. निदान १२० दिवस हें चालतें. पुष्कळ चाकें वर्ष-दीड वर्ष ठेवलेलीं असतात. १८७०-७१ च्या जर्मन युद्धानंतर सरहद्दीवर बांधलेल्या सेंत-आंत्वान किल्ल्यांत १९६६ पासून मार्सेल पतीत नांवाच्या पेढीनें चीज पिकविण्यास आरंभ केला, व आज तेथें चाकांच्या ओळींमागून ओळी उभ्या आहेत. किल्ल्याचा याहून चांगला उपयोग आमच्या ऐकिवांत नाहीं. पिकविणारा कसबी मनुष्य लहान हातोडीसारख्या हत्यारानें चाक ठोकून आवाज ऐकतो; कुंभाराचें मडकें आपण बोटानें वाजवून घेतों तसेंच हें. मग त्यास २० पैकीं गुण मिळतात. त्यांतील ९ स्वादाचे व ५ पोताचे. चौदा वा अधिक गुण असल्यास हिरवा पट्टा, बारा ते चौदांच्या दरम्यान तपकिरी. बाराच्या खालीं गेल्यास चाक कोंते राहत नाहीं. प्रत्येक चाकावर केसीनची हिरवी चकती असते, तिच्यावर फ्रुइतिएरचा क्रमांक व महिना असतो. खोड काढावयाची झाल्यास ती कढईपर्यंत नेऊन भिडवितां येते.

आतां जोडीची वाइन. ज्युराच्या पश्चिम उतारावर द्राक्षमळे आहेत. फिलॉक्सेरा ह्या मुळांवरील किडीपूर्वीं ते सुमारें २०,००० हेक्टर होते, आज सुमारें २,००० आहेत. तेथील सावान्यें नांवाच्या पांढऱ्या द्राक्षापासून पिवळी वाइन होते. सर्वत्र वाइनचें पिंप तोंडोंतोंड भरून ठेवण्याचा दंडक आहे, कारण हवा लागली कीं तिचा सिरका होतो. येथें उलट करतात. ओकच्या पिंपांतून वाइन हळूहळू उडून जाते, पण वरून भर घालीत नाहींत. रिकाम्या जागेखालीं पृष्ठभागावर यीस्टची पातळ साय धरते आणि ती साय वाइनचें रक्षण करते. हंगामानंतरच्या सहाव्या वर्षीं १५ डिसेंबरपर्यंत हें पिंप हलवावयाचें नाहीं. शेवटीं ती ६२ सेंटिलिटरांच्या बसक्या बाटलींत भरतात. एका लिटरांतून एवढेंच उरतें असें तेथील लोक सांगतात. रसायनशास्त्रज्ञ लुई पास्टर ह्याचें बालपण ह्याच भागांत आर्ब्वा येथें गेलें, व वाइन बिघडण्याचीं कारणें त्यानें तेथेंच शोधून १८६६ सालीं ग्रंथरूपानें छापलीं.

ह्या वाइनच्या वासांत अक्रोड आहे, आणि दुसरा एक वास असा आहे कीं तो आपल्या वाचकांस लागलाच ओळखूं येईल: भाजलेल्या मेथीच्या दाण्यांचा. ही उपमा नव्हे. सोटोलॉन नांवाचें जें द्रव्य मेथीला तिचा वास देतें तेंच ह्या वाइनमध्यें तयार होतें. फ्रेंच लोक त्यास 'करी'चा वास म्हणतात. मेथीचा डबा ज्यानें उघडला आहे त्यानें तसें म्हणण्याचें कारण नाहीं. जुन्या कोंतेमध्येंही अक्रोड, कढविलेलें लोणी व भाजल्याचा स्वाद उतरतो. चीजमधील स्निग्धता जिभेवर बसते, वाइनमधील आंबटपणा ती उतरवितो, आणि दोहोंचा वास एका जातीचा असल्यामुळें एकानें दुसरा झांकला जात नाहीं. जोडी जमते ती अशी. वाइनलाही चीजसारखीच शिस्त आहे. शातो-शालों ह्या गांवच्या पिवळ्या वाइनचें नांव सर्वांत मोठें. तेथें हंगामापूर्वीं मळे तपासतात, व माल हलका ठरल्यास त्या सालीं कोणीही ते नांव लावीत नाहीं. १९७४, १९८०, १९८४ व २००१ ह्या चार सालीं शातो-शालों निघालीच नाहीं. स्वतःच्या गांवचें नांव स्वतःच्या मालावरून काढून घेणारे बागायतदार आम्ही थोडेच ऐकले आहेत.

अशा आणखी जोड्या आहेत. रोकफोर हें मेंढीच्या दुधाचें निळ्या बुरशीचें खारट चीज. त्यास सोतेर्नची गोड वाइन लागते, आणि मौज अशी कीं तीही बुरशी धरलेल्या द्राक्षांची असते, जिचा आपले नाशिककडील बागायतदार धसका घेतात तीच ती राखी बुरशी. इंग्लंडांत स्टिल्टनबरोबर पोर्तुगालची पोर्ट घेतात. लुआर नदीकांठीं शाव्हिन्योल गांवचें शेळीचें चीज व त्याच उतारावरची सांसेर वाइन एकत्र येतात. एक गोष्ट मात्र लोकसमजाविरुद्ध आहे: तांबड्या वाइनचा तुरटपणा खारट चीजशीं बहुधा पटत नाहीं, तोंड कडू होतें. मद्याची भलावण करण्याचा आमचा हेतु नाहीं. न पिणाऱ्यानें कोंते अक्रोडांबरोबर खावें. त्यांत कांहीं उणें पडत नाहीं.

ह्या सर्व खटाटोपाचें फळ शेतकऱ्यास काय, हें पाहिलें पाहिजे. ज्युरांतील दुधाला फ्रान्समधील सामान्य दुधाहून बराच अधिक भाव मिळतो. भाव चढला कीं प्रत्येकजण गाई वाढवितो आणि माल पडून भाव बसतो, हें कांद्याच्या बाबतींत आम्हांस कोणीं शिकवावें असें नाहीं. त्यावर त्यांनीं उत्पन्नाची मर्यादा सर्वांनीं मिळून ठरविण्याची तोड काढली आहे, व २०१२ सालीं युरोपीय संघानें संरक्षित नांवाच्या चीजना तशी कायदेशीर मुभा दिली. तरी सर्व आलबेल आहे असें नाहीं. तेथील जमीन चुनखडीची व भेगाळ. वर पसरलेलें पातळ शेण झऱ्यांत लवकर पोंचतें. २०१० च्या सुमारास लू नदींत मासे मोठ्या संख्येनें मेले, आणि नदी बिघडण्याच्या कारणांत गोठेही गणले गेले. गाई व जमीन ह्यांचें प्रमाण आणखी सैल ठेवावें काय, ह्यावर तेथील शेतकऱ्यांत वाद झालेला आहे.

परदेशीं असलेल्या मुलांकडून कोणास कोंतेचा तुकडा आल्यास तो थंड पेटींतून काढून तासभर बाहेर ठेवावा. गार चीजला वास नसतो. पाठीची कड कापून टाकावी. वाइन असल्यास तीही फार गार करूं नये, १४-१५ अंश पुरे. चीज जुनें असल्यास त्यांत पांढरे खडे दांताखालीं येतात. ते मीठ नव्हे, प्रथिनें फुटून तयार झालेले कण होत, व तें जुनेपणाचें चिन्ह आहे. उघडलेली पिवळी वाइन बूच लावून ठेवल्यास कांहीं आठवडे बिघडत नाहीं. चीज मात्र कागदांत गुंडाळून ठेवावें आणि आठ-दहा दिवसांत संपवावें.