मुलांचें लेखन आणि घरचें व्याकरण

शाळेंतून तपासून आलेली निबंधाची वही उघडली कीं पुष्कळ घरांतून एकच उद्गार निघतो : "ह्याला व्याकरण मुळींच येत नाहीं!" हें म्हणणें मला मान्य नाहीं. पांच वर्षांचें मूल "मीं पोळी खाल्ली, आंबा खाल्ला, केळें खाल्लें" असें बिनचूक बोलतें. क्रियापदानें कर्त्याची संगत सोडून कर्माचें लिंग धरावें, हा कर्मणिप्रयोगाचा नियम त्याला कोणीं शिकविला? दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालीं निघालें. मराठी मुलें त्यापूर्वींही असेंच बोलत होतीं.

मग कागदावर चूक होते ती कोठें? जेथें कान साहाय्य करीत नाहीं तेथें. 'मूल' पण 'मुलाला', 'फूल' पण 'फुलाचा', 'जमीन' पण 'जमिनीवर', 'बहीण' पण 'बहिणीला'. प्रत्यय लागण्यापूर्वीं शब्दाचें सामान्यरूप होतें, आणि त्यांत शेवटून दुसरा दीर्घ ई किंवा ऊ बहुधा ऱ्हस्व होतो. संस्कृतांतून जसेच्या तसे आलेले 'गीत', 'शरीर' हे शब्द मात्र आपला हट्ट सोडीत नाहींत : 'गीताचा', 'शरीराला'. हा नियम मुलास पाठ करावयास सांगूं नये. अशा दहा जोड्या त्याच्यापुढें मांडाव्या व "काय बदललें?" एवढेंच विचारावें. स्वतः शोधलेला नियम तें सहसा विसरत नाहीं.

दुसरी चूक लांब वाक्यांतली. "आजोबांनीं आणलेलें पुस्तक, ज्यांत पुष्कळ गोष्टी होत्या, मीं वाचल्या." जवळच्या 'गोष्टी'नीं क्रियापद ओढून नेलें! येथें कान उपयोगी पडतो. वाक्य मोठ्यानें वाचावयास लावून "काय वाचल्या?" असें विचारतांच मूल आपण होऊन 'वाचलें' म्हणतें. 'माझी मदत कर' हें हिंदीच्या सहवासाचें फळ. 'मला मदत कर' असें घरांत वारंवार कानीं पडलें कीं पुरे.

आतां लाल शाईविषयीं. ज्याच्या एका पानावर वीस लाल खुणा होतात, तें मूल पुढील वेळीं 'कुतूहल' लिहिण्याच्या भानगडींत पडत नाहीं. 'गंमत' लिहून मोकळें होतें. चुका कमी होतात खऱ्या, पण लेखनही आटतें. म्हणून एका आठवड्यांत एकाच जातीची चूक धरावी, बाकीच्या दिसूनही सोडाव्या. वडील मंडळींस हें जड जातें, मुलांस नव्हे. मोरो केशव दामल्यांचें १९११ सालचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' घरीं असल्यास उत्तमच. तें आपल्या शंकांसाठीं आपल्याच कपाटांत असूं द्यावें.