कुमार गटातील सॉफ्टबॉल सामन्यांची कालमर्यादा आणि गुणलेखकाची नोंद

प्रस्तावना

सांघिक खेळांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. कबड्डी, हॉकी, फुटबॉल या खेळांत सामना घड्याळावर चालतो. ठरलेली मिनिटे संपली की सामना संपतो. बेसबॉल व त्यापासून निर्माण झालेला सॉफ्टबॉल यांची मोजणी मात्र बाद झालेल्या खेळाडूंच्या संख्येने होते. १८८७ साली शिकागो येथील फॅरागट बोट क्लबमध्ये जॉर्ज हॅनकॉक यांनी या खेळाचा पाया घातला, तेव्हापासून हे तत्त्व कायम आहे. सॉफ्टबॉलचा पूर्ण सामना सात डावांचा असतो. प्रत्येक डावाच्या पूर्वार्धात पाहुणा संघ व उत्तरार्धात यजमान संघ फलंदाजी करतो आणि प्रत्येक अर्ध तीन खेळाडू बाद होईपर्यंत चालतो. म्हणजेच सातही डाव पूर्ण झाल्यास खेळाडू बाद होण्याच्या ४२ घटना घडतात. लहान वयोगटांत सहा डावांचा सामना असेल तर हा आकडा ३६ होतो.

अमेरिकेतील कुमार गटांच्या स्पर्धांत मात्र हे डाव पूर्ण होण्यापूर्वीच अनेक सामने संपतात. दहा, बारा किंवा चौदा वर्षांखालील मुलींच्या साप्ताहिक सुटीच्या स्पर्धांत आयोजक सामन्याला ७५ किंवा ९० मिनिटांसारखी कालमर्यादा घालून देतात. मुळात कालनिरपेक्ष असलेल्या खेळावर बाहेरून लादलेले हे बंधन होय. ते खेळाच्या अंतर्गत मोजणीशी जुळवून घेण्याची जबाबदारी प्रामुख्याने पंच आणि गुणलेखक यांच्यावर येते. प्रस्तुत लेखात या जबाबदारीचे, विशेषतः गुणलेखकाच्या नोंदीचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. विषय वरकरणी किरकोळ वाटेल. परंतु अकरा वर्षांच्या मुलीला सामन्यातील शेवटची फलंदाजी मिळते की नाही, हे कित्येकदा या नोंदीवरच अवलंबून असते.

कालमर्यादेची आवश्यकता

मर्यादेमागील कारण अत्यंत व्यावहारिक आहे. एक मैदान सकाळी आठ ते रात्री आठ असे बारा तास उपलब्ध आहे असे मानल्यास आयोजकाच्या हाती ७२० मिनिटे असतात. प्रत्येक सामन्यास ९० मिनिटे दिल्यास आठ सामने बसतात. पहिला सामना पंधरा मिनिटे लांबला तर त्याचा परिणाम उरलेल्या सातही सामन्यांवर होतो आणि दूरच्या गावाहून आलेली मुले उन्हात ताटकळत बसतात.

आता ७५ मिनिटांत सात डाव खेळणे कितपत शक्य आहे, ते पाहू. ७५ मिनिटांचे ४,५०० सेकंद होतात. चौदा अर्धांच्या दरम्यान तेरा वेळा बाजू बदलतात. दर वेळी पिचरच्या सरावासाठी एक मिनिट धरले तर १३ मिनिटे त्यातच जातात. उरलेल्या ६२ मिनिटांत ४२ खेळाडू बाद व्हायचे असतील, तर प्रत्येकीस सरासरी ८९ सेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. प्रौढ संघांनाही ही गती कठीण आहे. १९३३ मध्ये स्थापन झालेली अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन २०१७ पासून यूएसए सॉफ्टबॉल या नावाने ओळखली जाते. तिच्या दहा वर्षांखालील गटात पिचर ३५ फुटांवरून ११ इंच परिघाचा चेंडू टाकते. या वयात अचूकता कमी असल्याने चार चुकीच्या चेंडूंवर फलंदाजास पहिला बेस बहाल होण्याचे प्रसंग वारंवार येतात. अशा प्रत्येक प्रसंगी वेळ खर्च होतो, मात्र कोणीही बाद होत नाही. परिणामी चार किंवा पाच डावांतच मर्यादा गाठली जाते.

मर्यादेचे दोन प्रकार

प्रचलित नियमांत दोन पद्धती आढळतात. पहिलीत ठरलेली वेळ उलटल्यावर नवा डाव सुरू करता येत नाही, परंतु सुरू असलेला डाव पूर्ण केला जातो. दुसरीत वेळ संपताक्षणी, किंवा फार तर सुरू असलेल्या फलंदाजाची पाळी संपताच, सामना थांबतो. अमेरिकेत या दुसऱ्या पद्धतीस ‘ड्रॉप डेड’ असे म्हणतात.

ड्रॉप डेड पद्धतीत अपूर्ण डावाच्या धावा धरायच्या की नाहीत, हा प्रश्न उभा राहतो. समजा, तीन डाव पूर्ण झाले असता यजमान संघ ४–३ असा पुढे आहे. चौथ्या डावाच्या पूर्वार्धात पाहुण्या संघाने तीन धावा काढून ६–४ अशी आघाडी घेतली आणि उत्तरार्ध चालू असताना वेळ संपली. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे शेवटच्या पूर्ण डावाकडे परत जायचे असेल तर यजमान संघ ४–३ असा विजयी ठरतो. मैदानावरील धावफलक ग्राह्य धरला तर पाहुणा संघ ६–४ असा जिंकतो. एकाच सामन्याचे दोन निकाल केवळ नियमाच्या एका ओळीमुळे संभवतात. यासाठी गुणलेखकाने प्रत्येक डावाअखेर दोन्ही संघांची एकूण धावसंख्या स्वतंत्रपणे लिहून ठेवणे अनिवार्य ठरते. प्रस्तुत लेखकाच्या मते लहान गटांसाठी ड्रॉप डेड पद्धत इष्ट नाही. दोन्ही संघांना समान संख्येने फलंदाजी मिळावी हा या खेळाचा गाभा आहे आणि वेळापत्रकाच्या सोयीसाठी त्याचाच बळी दिला जातो.

नवा डाव नेमका केव्हा सुरू होतो?

पहिल्या पद्धतीतील सर्व वाद या एका प्रश्नाभोवती फिरतात. प्रेक्षकांची, आणि बऱ्याच पालकांचीही, समजूत अशी असते की पुढच्या डावाचा पहिला चेंडू टाकला गेला की डाव सुरू झाला. रूढ नियम वेगळा आहे. मागील डावाच्या उत्तरार्धातील तिसरा खेळाडू बाद होताच, त्याच क्षणी पुढील डाव सुरू झाला असे मानले जाते. बाजू बदलणे, पिचरचा सराव, फलंदाजाचे येणे हे सर्व नव्या डावाच्या वेळेत मोडते.

हा नियम असा का आहे, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. पहिल्या चेंडूवर डावाचा आरंभ मानला असता, तर आघाडीवरील संघाने मैदानात येण्यास केवळ दोन मिनिटे उशीर करून सामना संपवला असता. तिसरा बाद हा निश्चित, दृश्य आणि पंचाने घोषित केलेला प्रसंग असतो. तो लांबवणे तुलनेने अवघड असते.

उदाहरणार्थ, सामना ९ वाजून ४ मिनिटांनी सुरू झाला आणि मर्यादा ७५ मिनिटांची आहे. म्हणजे १० वाजून १९ मिनिटांनंतर नवा डाव नाही. चौथ्या डावाच्या उत्तरार्धातील तिसरी फलंदाज १० वाजून १८ मिनिटे ४० सेकंदांनी बाद झाली तर पाचवा डाव सुरू झाला आणि तो नियमानुसार खेळवावाच लागेल. हीच घटना २५ सेकंद उशिरा घडली तर सामना तेथेच संपतो. मात्र यास एक अपवाद आहे. वेळ संपल्यानंतर डावाचा पूर्वार्ध पूर्ण झाला आणि यजमान संघ आघाडीवर असेल, तर उत्तरार्ध खेळण्याचे कारण उरत नाही.

काही स्थानिक स्पर्धांत लहान गटांसाठी एका अर्धात पाच धावांची कमाल मर्यादा असते आणि शेवटचा डाव मात्र खुला ठेवला जातो. तेथे कोणता डाव शेवटचा, हे तो सुरू होण्यापूर्वीच जाहीर व्हावे लागते. वेळेची नोंद अचूक नसेल तर ही घोषणाच करता येत नाही.

गुणपत्रकावरील नोंद

बेसबॉलच्या गुणलेखनाची परंपरा हेन्री चॅडविक (१८२४–१९०८) या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या अमेरिकन क्रीडापत्रकारापर्यंत मागे जाते. सॉफ्टबॉलचे गुणपत्रक त्याच परंपरेतील आहे. आडव्या ओळीत खेळाडू, उभ्या रकान्यात डाव आणि प्रत्येक चौकटीत फलंदाजाचे काय झाले त्याची सांकेतिक नोंद, अशी त्याची रचना असते. वेळेसाठी मात्र त्यात फार तर आरंभ व समाप्ती लिहिण्यापुरती जागा असते, कारण ज्या खेळासाठी हे पत्रक घडले त्याला वेळेची गरजच नव्हती.

याउलट आपल्या खो-खोचे गुणपत्रक पाहावे. तेथे प्रत्येक रक्षक किती मिनिटे व किती सेकंद टिकला, याची नोंद होते. वृत्तपत्रांतील ‘दोन मिनिटे दहा सेकंद संरक्षण’ असे उल्लेख त्यामुळेच शक्य होतात. खो-खोमध्ये वेळाधिकारी हा गुणलेखकापासून स्वतंत्र असतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. कुमार सॉफ्टबॉलमध्ये वेगळा वेळाधिकारी बहुधा नसतो. अधिकृत वेळ सामान्यतः मुख्य पंचाच्या घड्याळावर असते आणि गुणलेखक तिची लेखी नोंद ठेवतो. अमेरिकेत हा गुणलेखक बहुतांशी एखाद्या खेळाडूची आई किंवा वडील असतात.

नोंदीची पद्धत साधी ठेवावी. सामन्याचा आरंभ नाणेफेकीपासून, पंचांच्या दोन्ही प्रशिक्षकांबरोबरील बैठकीपासून की पहिल्या चेंडूपासून धरायचा, हे स्पर्धेच्या नियमपत्रातून आधी पाहून घ्यावे. यात पाच मिनिटांचाही फरक पडू शकतो. पंचाने आरंभ जाहीर करताच त्याच्या घड्याळाशी आपले घड्याळ ताडून पत्रकाच्या शिरोभागी दोन वेळा लिहाव्यात: आरंभाची आणि ‘यानंतर नवा डाव नाही’ ही. दुसरी वेळ आधीच लिहिली असता ऐन गडबडीत बेरीज करावी लागत नाही. स्टॉपवॉचपेक्षा प्रत्यक्ष घड्याळाची वेळ लिहिणे श्रेयस्कर होय. स्टॉपवॉच चुकून थांबले किंवा शून्यावर गेले तर पुरावाच नष्ट होतो, तर घड्याळाची वेळ कोणासही पडताळता येते.

त्यानंतर प्रत्येक अर्धाच्या शेवटच्या चौकटीखाली तिसरा खेळाडू बाद झाल्याची वेळ लिहावी. सात डावांच्या सामन्यात अशा चौदाच नोंदी होतात. शेवटच्या दहा मिनिटांत सेकंदही लिहावेत. पाऊस, वीज किंवा दुखापत यामुळे खेळ थांबल्यास थांबल्याची व पुन्हा सुरू झाल्याची वेळ लिहावी. अमेरिकेतील शालेय क्रीडा नियमांत शेवटचा गडगडाट किंवा वीज यानंतर ३० मिनिटे थांबण्याचा दंडक आहे. तेवढा काळ मर्यादेत मोजायचा की वगळायचा, हे पंचाने सांगितल्याप्रमाणे त्याच ठिकाणी नोंदवावे.

अलीकडे ‘गेमचेंजर’सारख्या मोबाईल अॅपवर गुणलेखन सर्रास केले जाते. त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. तथापि अॅपमध्ये घटनेची वेळ नोंदली गेली तरी ती बोटाने स्पर्श केल्याची वेळ असते, खेळाडू बाद झाल्याची नव्हे. आधीचा फटका भरण्यात गुणलेखक गुंतलेला असेल तर अर्ध्या मिनिटाचा फरक सहज पडतो, आणि वरील उदाहरणातील वाद तर २५ सेकंदांचाच होता.

वेळेचा डावपेच

मर्यादा आली की तिचा उपयोग करून घेण्याची वृत्तीही येते. आघाडीवर असलेला आणि क्षेत्ररक्षण करणारा संघ पिचरशी वारंवार सल्लामसलत करतो, कॅचरच्या पायातील पॅड सुटतात, पिचर बदलली जाते. चेंडू हाती आल्यावर २० सेकंदांत तो टाकला पाहिजे हा नियम असला तरी त्याची अंमलबजावणी पंचाच्या दक्षतेवर अवलंबून असते.

पिछाडीवरील संघाचा डावपेच याहून विचित्र असतो. यजमान संघ पाच धावांनी मागे आहे, उत्तरार्धात दोघी बाद झाल्या आहेत, एक खेळाडू बेसवर आहे आणि मर्यादेस एक मिनिट उरले आहे, असे समजू. फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटण्यापूर्वी बेस सोडणारी खेळाडू बाद ठरते. प्रशिक्षक तिला मुद्दाम लवकर बेस सोडण्यास सांगतो. ती बाद होते, तिसरा बाद पूर्ण होतो आणि मर्यादेच्या आत नवा डाव सुरू होतो. अर्थात पाच धावा भरून काढण्यासाठी संपूर्ण नवा डाव पदरात पडतो. नियमाच्या चौकटीत हे बसत असले तरी दहा वर्षांच्या मुलीला बाद होण्यास शिकवणे, ही शारीरिक शिक्षणाच्या कोणत्याही विद्यार्थ्यास अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. काही आयोजक अशा प्रसंगी पंचास दंड करण्याचा अधिकार देतात. आपल्याकडील शालेय व आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतही मैदाने अपुरी पडली की मर्यादेचा मोह होतो. तेव्हा नियमपत्र तयार करणाऱ्या शारीरिक शिक्षण संचालकांनी या बाजूचा आधीच विचार करावा.

अशा वेळी प्रशिक्षक गुणलेखकाकडे येऊन ‘किती वेळ उरला?’ असे हळूच विचारतो. गुणलेखक त्याच संघातील खेळाडूचा पालक असेल तर उत्तर देण्याचा मोह स्वाभाविक आहे. उरलेला वेळ सांगायचा तर तो पंचामार्फत दोन्ही संघांना सांगावा, अन्यथा कोणालाच सांगू नये.

बरोबरी आणि गटवार क्रमवारी

वेळ संपली आणि धावसंख्या समान असेल तर अनेक स्पर्धांत आंतरराष्ट्रीय टायब्रेकर लागू होतो. त्यात प्रत्येक अर्धाच्या आरंभी दुसऱ्या बेसवर एक खेळाडू ठेवली जाते. ही खेळाडू म्हणजे त्या अर्धात सर्वांत शेवटी फलंदाजीस येणारी. पाचव्या क्रमांकाची फलंदाज प्रथम येणार असेल तर चौथ्या क्रमांकाची दुसऱ्या बेसवर जाते. तिने धाव काढल्यास ती पिचरच्या खाती अर्जित धाव म्हणून धरली जात नाही. गुणलेखकाने मागील अर्धातील शेवटची फलंदाज स्पष्ट रेषेने दर्शवली नसेल तर येथे चुकीची खेळाडू बेसवर पाठवली जाण्याचा धोका असतो.

गट साखळीत दोन संघांचे गुण समान झाल्यास दिलेल्या धावांवरून क्रम लावण्याची पद्धत रूढ आहे. ती कालमर्यादेच्या सामन्यांस सरसकट लावणे सदोष होय. ज्या संघाचा सामना तीन डावांतच वेळेअभावी संपला, त्याने पाच डाव खेळलेल्या संघापेक्षा कमी धावा दिल्या, यात त्याच्या गोलंदाजीचे श्रेय किती आणि घड्याळाचे किती, हे धावांच्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून निकालपत्रकावर धावसंख्येशेजारी पूर्ण झालेल्या डावांची संख्या आणि समाप्तीची वेळ लिहून त्याखाली मुख्य पंचाची स्वाक्षरी घ्यावी, आणि ती दोन्ही संघ मैदानातून बाहेर पडण्यापूर्वी घ्यावी.