अंगठ्याचे तीस टक्के

आपला हात समोर धरून बघा. कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तक्त्यात यातला अंगठा 30 टक्के आहे, तर्जनी 14, मधलं बोट 12, करंगळी 7. तुमसरच्या राईस मिलमध्ये पट्ट्यात हात सापडून अंगठा गेला, तर त्या मजुराची कमाईची ताकद 30 टक्के घटली, असं कायदा आधीच मानून चालतो.

पण खरी नवलाई आहे ती कायद्याने न विचारलेल्या एका प्रश्नात : चूक कोणाची?

1837 साली इंग्लंडात एका खाटकाच्या नोकराची मांडी जादा भरलेली गाडी कोसळल्याने मोडली. मालकाविरुद्धचा दावा तो शेवटी हरला. दोष मालकाचा हे सिद्ध करायचं, तेही जखमी माणसाने! 1884 मध्ये जर्मनीने दोष न विचारता भरपाई देऊन ही गाठ सोडवली आणि आपल्याकडे 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा आला. काम करताना, कामामुळे इजा झाली एवढं पुरे. अपघातात मृत्यू झाला, तर 'दारू प्यायला होता' किंवा 'नियम मोडला' म्हणूनही मालकाला हात झटकता येत नाहीत. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, गाभा तोच.

हिशेबही बघण्यासारखा आहे. मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग वयाच्या गुणकाने गुणायचा. पंचविशीला गुणक 216.91, चाळिशीला 184.17. महिना 15,000 रुपये धरले, तर पंचवीस वर्षांच्या कामगारामागे 16,26,825 रुपये होतात. पुढे मिळायच्या कितीतरी पगारांची बेरीज त्या एका आकड्यात दडलेली असते.

24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, 8 जण गेले. अशा दुर्घटनेचं कारण शोधायला वेळ लागतो, लागायलाही हवा. पण घरची चूल तोवर थांबत नाही. म्हणूनच कायद्याने भाकरी आणि दोष वेगळे केले.

दोष ठरवण्याची वाट मात्र बुजवली नाही. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करून दिवाणी न्यायालयात जास्त रक्कम मागता येते. तिथे आकड्याला तक्त्याचं कुंपण नाही, पण पुराव्याचं ओझं आपल्याच डोक्यावर. शिवाय एकाच इजेसाठी दोन्हीकडे दावा चालत नाही. एक वाट धरली की दुसरी बंद. म्हणून डोंगरी बुजुर्ग, चिखल्याच्या मँगनीज खाणींपासून वीटभट्टीपर्यंत प्रत्येक घरी हे आधी माहीत असायला हवं.

आणि हेही : 'भरपाई मागणार नाही' असं लिहून घेतलेला करार या कायद्यापुढे रद्दबातल ठरतो. अंगठा यंत्रात गेला तर त्याची किंमत आहे; पण असा हक्क सोडायला लावणाऱ्या कागदावर उमटलेल्या त्याच अंगठ्याला काडीची किंमत नाही.